पंक्चर परवडलं की जड टायर?

मागचं_चाक:
कोथरूड ते हिंजवडी, आठवड्यातून चार दिवस सायकलने जातो. महिन्याभरात तीन पंक्चर, तिन्ही मागच्याच चाकात. तिसरं भूमकर चौकाजवळ सर्व्हिस रोडला, भर पावसात. टायर २५ मिमी रुंदीचे, सायकलबरोबर आलेले. आता वैतागून श्वाल्बेचे मॅरेथॉन प्लस घ्यावेत म्हणतोय. पण डिसेंबरात पहिली २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायचीय, साडेतेरा तासांत. असला जड टायर ओढत खंबाटकी चढायचा का?

बापूंची_सायकल:
डोळे झाकून घ्या. आत रबराचा ५ मिमीचा पट्टा असतो. सराटा टोचतो, पण ट्यूबपर्यंत पोचत नाही. आणि साडेतेरा तासांत २०० म्हणजे सरासरी १५ च्याही आत. त्यात चहा, मिसळ, फोटो सगळं बसतं. बीआरएम ही शर्यत नव्हे.

ताशी_तीस:
बापूकाका, रोज ऑफिसला जाताना मिसळीला थांबत नाही हो कोणी. 😄

वजनाचं मात्र उगाच भूत करतात लोक. पाऊण किलोचा टायर आणि पाव किलोचा टायर, दोन्ही चाकांचा मिळून फरक एक किलो. माणूस आणि सायकल धरून ८० किलोवर सव्वा टक्का. खंबाटकीत तेवढंच जास्तीचं ओझं. खरा तोटा सपाटीवर होतो. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो, सुटला की परत फुगतो. रबर जाड असेल तर दाबायला घातलेली ताकद पुरती परत मिळत नाही, उष्णतेत जाते. हे दर फेऱ्याला, दिवसभर.

माझं मत: कॉन्टिनेंटलचा जीपी ५००० घ्या, २८ मिमीचा. त्यातही काट्यासाठी व्हेक्ट्रान नावाच्या मजबूत धाग्याचा पट्टा आहे, पण पातळ. वेग ताशी एक किलोमीटरने जरी वाढला, तरी २५ ऐवजी २६ ने २०० किमीत १८ मिनिटं वाचतात.

बापूंची_सायकल:
१८ मिनिटं? म्हणजे एक पंक्चर! तेही उजेडात, कोरड्यात आणि पंप चालू असेल तर.

सीलंटभक्त:
ट्यूबलेस करा, दोघांचंही भांडण मिटेल. ट्यूबऐवजी आत सीलंटचा द्राव असतो, बारीक भोक चालता चालता बुजतं.

ताशी_तीस:
बुजतं, आत द्राव ओला असेल तोवर. आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं. शिवाय रोडच्या टायरला हवेचा दाब जास्त, जरा मोठी चीर गेली की सगळं पांढरं पाणी पाठीवर. वर त्याची रिमही वेगळी लागते.

चिमटा:
टायरच्या खरेदीआधी एक विचारते, दादा. तिन्ही ट्यूब जपून ठेवल्यात का? ठेवल्या असतील तर व्हॉल्व्हपासून भोकापर्यंतचं अंतर वितीने मोजा. तिन्हींत सारखंच आलं, तर पंक्चर तीन नाहीत, एकच आहे.

हायवेच्या कडेला ट्रकचे टायर फुटून पडतात, त्यातल्या केसाएवढ्या तारा रस्त्यावर विखुरतात. पावसात ओलं रबर आणखी सहज कापलं जातं. ती तार टायरमध्ये रुतून बसते. आपण ट्यूब बदलतो, टायरच्या आतून घाईघाईने बोट फिरवतो, लागत काहीच नाही. हवा भरली, वर बसलो, की टोक आत सरकतं. मी टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा फिरवते. जिथे धागा अडकेल तिथे तार. नखाने निघत नाही, भुवयांचा चिमटा लागतो (घरातल्यांना विचारून घ्या).

टायर बसवताना त्यावरचं नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी ठेवते. मग ट्यूबच्या भोकावरून टायरची जागा लगेच कळते. मागच्या चाकाला त्रास जास्त असतोच, वजन त्यावर, आणि पुढच्या चाकाने उडवलेला कचराही त्याच्याच वाटेत.

बाकी दोन्ही चाकांना सारखाच टायर हवा असं कुठे लिहिलंय? मागे गेटरस्किनसारखा दणकट, पुढे पातळ चपळ. वळणावर पकड पुढे लागते. सायकलमध्ये मावत असेल तर २८ मिमी, ७० किलोच्या माणसाला मागे हवेचा दाब साधारण ८० पीएसआय. दगडासारखी ठणठणीत हवा भरून वेग वाढत नाही, आपल्या रस्त्यांवर तर नाहीच.

ताशी_तीस:
पुढे-मागे वेगळे? दिसायला कसं दिसेल, ताई!

चिमटा:
खांद्यावर सायकल घेऊन चालण्यापेक्षा बरं दिसेल.

मागचं_चाक:
मोजलं. दोन ट्यूब सापडल्या. एकीत भोक व्हॉल्व्हपासून दोन विती, दुसरीत दोन विती आणि दोन बोटं. कापूस फिरवला, अडकला. तार जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, बाहेरून तर काळ्या ठिपक्यासारखी दिसत होती. महिनाभर मी हिला हिंजवडीला नेत-आणत होतो.

मॅरेथॉन प्लस तूर्तास रद्द. मागे गेटरस्किन २८, पुढचं पगार झाल्यावर बघू.

बापूंची_सायकल:
अहो, पण ५ मिमीचा पट्टा असता तर ती तार आत पोचली असती का? मूळ मुद्दा माझाच होता.