माथी मारणे की गळ्यात मारणे?

नको असलेली वस्तू कुणी आग्रहाने खपवली की 'माथी मारली', 'गळ्यात मारली', 'गळी उतरवली' असं तिन्ही सर्रास वाचायला मिळतं. अर्थ एकच का?

— एकच कसा असेल? खतांचं बघा. ऐन हंगामात युरियाची टंचाई झाली की दुकानदार म्हणतो, सोबत ही दुसऱ्या खताची बाटली घ्या, नाहीतर युरिया नाही. याला 'लिंकिंग' म्हणतात. बाटली नकोय हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं, पण सुटका नसते. हे झालं माथी मारणं. गळ्यात मारण्यात फसवणूक आली. इंजिन कामातून गेलेली मोटारसायकल धुऊनपुसून विकली, घेणाऱ्याला कळलं आठवड्याने. विकणारा वर ऐटीत सांगतो, "मारली एकदाची गळ्यात!" 'मी माथी मारली' असं मात्र सहसा कुणी स्वतःबद्दल बोलत नाही. ती तक्रारच.

— 'माथी'चा पसारा विक्रीपुरता नाही. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला तेव्हाही 'हिंदी माथी मारू नका' हेच ऐकू येत होतं. दोष, दरवाढ, नको ते खातं, सगळं माथीच. वर्तमानपत्रांना तर क्रियापदाचीही गरज पडत नाही: 'बोगस बियाणे शेतकऱ्यांच्या माथी'. संपली बातमी. 'घरी', 'दारी' तसंच 'माथी' हे रूप. 'माथ्यावर मारलं' म्हणाल तर टाके घालावे लागतील.

— गळी उतरवणं यात बसत नाही. तिथला गळा आतला, घास गिळायचा. पटवून, चुचकारून योजना किंवा मत गळी उतरवतात; मिक्सर नाही. 'गळ्यात मारणे'तला गळा बाहेरचा, लोढणं बांधतात तो. (ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, पळायला गेलं की पायांत येतो.)

— आणि विकणारा नात्यातला असेल तर 'गळ घालणे'. मार्च उजाडला की आमच्या मेव्हण्यांचा फोन: "टार्गेट राहिलंय हो, छोटीशी पॉलिसी घ्या." जबरदस्ती नाही, फसवणूक नाही, फक्त नाही म्हणायची चोरी. पुढे हप्ते भरताना ती पॉलिसी 'गळ्यात पडली' म्हणायचं. 'मारली' म्हटलं तर घरात भांडण.