बायबल दरवर्षी लेवीयलाच अडकतं, रोज वाचायची सवय लागावी कशी?

वाळूजचा_शिफ्टवाला

जय ख्रिस्त सगळ्यांना. मी मूळचा जालना जिल्ह्यातला, आता वाळूज एमआयडीसीत कामाला. दर एक जानेवारीला ठरवतो की यंदा बायबल पूर्ण वाचायचंच. उत्पत्ति एकदम मस्त जातं, योसेफाची गोष्ट तर मी दोन बैठकीत संपवली, निर्गम पण तांबड्या समुद्रापर्यंत जोरात, आणि मग ते निवासमंडपाचं, म्हणजे देवाच्या तंबूचं माप सुरू होतं, इतके हात लांब इतके हात रुंद, कड्या, पडदे, खांब, तिथं गाडी स्लो होते आणि लेवीयमध्ये, म्हणजे तिसऱ्या, नियमांच्या पुस्तकात जी बंद पडते ती डायरेक्ट पुढच्या जानेवारीला चालू होते. चार वर्षं हेच चाललंय. माझं बायबल मिटवून बाजूनं बघितलं तर सुरुवातीची पानं मळून काळी झालेली आणि बाकी सगळं पांढरंशुभ्र, कुठं थांबलो ते लांबूनच कळतं. पाळक साहेब एकदा हातात घेऊन बघायले तेव्हा लाज वाटली.

दुसरं म्हणजे शिफ्ट. एक आठवडा फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट. ॲपवर प्लॅन लावलाय, त्याची नोटिफिकेशन सकाळी सहाला येते, नाईट असली की तेव्हा मी मशीनवर असतो, आणि सुटून घरी आलो की डोळे उघडे राहत नाहीत. नऊ दिवस मागे पडलो की सत्तावीस अध्याय बाकी दिसतात, मग ते ॲप उघडायलाच नको वाटतं. अन् वाचलं तरी डोक्यात राहत नाही हो, संध्याकाळी कुणी विचारलं सकाळी काय वाचलं तर सांगता येत नाही.

तुम्ही लोक कसं करता? सरळ सांगा, "प्रार्थना करा" एवढंच सांगू नका, ती चालूच आहे.

रोज_तीन_अध्याय

भाऊ सोपं गणित आहे. एकूण 1189 अध्याय, जुन्या करारात 929 आणि नव्यात 260. रोज सव्वातीन अध्याय, वीस मिनिटं. मोबाईलवर रील बघायला वीस मिनिटं मिळतात ना? मी सहा वर्षांपासून करतोय, एकही दिवस चुकवला नाही. शिस्त लागते, बाकी काही नाही.

बेथेलकर_काका

वरचे भाऊ, तुमचं कौतुक आहे पण तुम्हाला नाईट शिफ्ट नसेल असं दिसतं.

मी जालन्याचा, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. आमचं घराणं बेथेलचं, मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांसाठी वसवलेलं ते गाव. माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं पण स्तोत्रं किती पाठ होती ते मोजलंच नाही कुणी. तिची पद्धत सांगतो. आजोबा रात्री जेवणाआधी एकच तुकडा वाचायचे, दहाबारा वचनं, तोच तुकडा आठवडाभर, सोमवारी तोच अन् शनिवारी पण तोच. आम्ही पोरं कंटाळायचो. पण भाकरी थापताना आजी तोच तुकडा पुटपुटायची, शब्द चुकला की स्वतःच थांबायची, परत मागून धरायची, तवा जळून जायचा कधीकधी. तिचं तर काही प्लॅनबिन नव्हतं.

म्हणून माझं मत, घड्याळाला बांधू नका, डब्याला बांधा. फर्स्ट असो की नाईट, डबा तर तुम्ही उघडणारच. झाकण उघडायच्या आधी पाच वचनं, मग भाकरी. मागे पडलेलं भरून काढायचं नाही, ते काय बँकेचे हप्ते आहेत का? सुटलं ते सुटलं, आजचं वाचा.

लातूरची_शिक्षिका

काकांचं डब्याचं पटलं. मी संडे स्कूल घेते बरीच वर्षं, त्यामुळे थोडं लांबण लागेल, वाचा.

पहिली गोष्ट, बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय? ती 66 पुस्तकांची लायब्ररी आहे, कादंबरी नाही. अध्यायांचे आकडे तर मूळ लिखाणात नव्हतेच, ते 13 व्या शतकात पडले, वचनांचे आजचे आकडे त्याच्याही नंतर, नव्या कराराला 1551 मध्ये. मग एक अध्याय झाला की थांबायचं आणि निम्म्यात थांबलं तर पाप लागतं, असं कशाला? गोष्ट संपते तिथं थांबा, मन थांबतं तिथं थांबा.

दुसरं, तुम्ही म्हणता डोक्यात राहत नाही. ते राहत नाही कारण आपण ते "तिकडचं" म्हणून वाचतो. अहो हे आपल्याच शिवारातलं आहे. रूथचं पुस्तक काढा, चारच अध्याय आहेत. पहिलंच वाक्य काय, देशात दुष्काळ पडला आणि एक कुटुंब गाव सोडून परमुलखात जगायला गेलं. गावाचं नाव बेथलेहेम, त्याचा अर्थ भाकरीचं घर, अन् भाकरीच्या घरातच भाकर नाही! मी वर्गात हे सांगितलं की पोरं हसत नाहीत, कारण निम्म्यांचे आईबाप दिवाळी झाली की उचल घेऊन ऊसतोडीला जातात. 72 चा दुष्काळ आमच्या घरात अजून काल झाल्यासारखा सांगतात, आणि 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते तर मी स्वतः बघितलंय. त्या कुटुंबातली नामी नवरा आणि पोरं गमावून, विधवा सून रूथला घेऊन परत येते तेव्हा बाया विचारतात ही नामीच का, तर ती म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. एवढं एक वाक्य मी पूर्ण आठवडा डोक्यात घेऊन फिरले होते, शाळेत हजेरी घेतानासुद्धा.

आता तुमच्या त्या नावडत्या लेवीयकडं या. रूथ शेतात सरवा वेचते, तिला तो हक्क कुठून मिळाला? लेवीय 19 मधून. तिथं नियम आहे की पीक काढताना शेताचे कोपरे साफ कापायचे नाहीत, खाली पडलेला सरवा उचलायचा नाही, तो गरिबांसाठी आणि उपऱ्यासाठी सोडायचा. म्हणजे तुम्ही ज्या पुस्तकात चार वर्षं अडकलात त्याच पुस्तकाच्या जोरावर रूथ आणि नामी जगल्या. त्याच अध्यायात अजून एक आहे, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नाही, सकाळ व्हायच्या आत द्यायची. कंत्राटावर काम केलेल्या माणसाला हे वचन समजावून सांगावं लागत नाही. म्हणून आधी गोष्ट वाचा आणि मग तिच्या मागचा नियम शोधायला लेवीयमध्ये जा, उलटं करू नका.

सवयीचं म्हणाल तर पेन्सिल ठेवा. वाचून झालं की वहीत एकच ओळ, कोण कुणाला काय म्हणालं. मनन वगैरे मोठे शब्द नंतर. एका ओळीनं सुद्धा फरक पडतो, मला तरी पडला.

छावणी_कॅथलिक

संभाजीनगरहून. आमच्याकडे बायबल 73 पुस्तकांचं, तो विषय इथं नको 😄 पण आमची एक सोय सांगतो. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत वाचायचे उतारे आधीच ठरलेले असतात, रविवारचं चक्र तीन वर्षांचं. मी येत्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाच्या पुस्तकातला उतारा, सोमवारीच वाचून ठेवतो, रोज पाच मिनिटं तेच, आणि रविवारी फादर त्यावर बोलतात तेव्हा माझं स्वतःचं काहीतरी आधीच तयार असतं, कधी पटत पण नाही त्यांचं. तुम्ही पाळक साहेबांना विचारा पुढच्या रविवारी कशावर संदेश आहे, ते खूश होतील बघा. आणि सुरुवातीला शुभवर्तमानच पाहिजे असेल तर मार्क घ्या, 16 अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, आणि धावतं.

रोज_तीन_अध्याय

ताई, तुमचं म्हणणं ठीक आहे पण असं निवडून वाचलं तर माणूस आवडीचंच वाचत बसतो, यहेज्केलसारखं जड पुस्तक कोण वाचणार मग?

लातूरची_शिक्षिका

@रोज_तीन_अध्याय हे मात्र खरं बोललात. मी यहेज्केल आजवर एकदाच पूर्ण वाचलंय, तेही परीक्षेसाठी.

वाळूजचा_शिफ्टवाला

खूप धन्यवाद सगळ्यांना. भाषा पण जड जाते हे सांगायचं राहिलं होतं, माझं जुनं भाषांतर आहे.

बेथेलकर_काका

जड वाटलं तर सोप्या मराठीतलं घ्या, लाजू नका. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबल मराठीत आणलं ते खेड्यातल्या साध्या बायांना कळावं म्हणूनच. त्या 1922 ला गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 ला छापून निघालं. एवढ्या शिकलेल्या बाईला जर सोपं लिहावं वाटलं तर आपण सोपं वाचायला काय हरकत आहे. आणि एक, मोठ्यानं वाचा. डोळ्यांनी वाचलं की पळतं, तोंडानं वाचलं की थांबतं.

वाळूजचा_शिफ्टवाला

तीन आठवड्यांनी अपडेट द्यायलोय. ॲपचा प्लॅन डिलीट केला, आधी ते केलं. कंपनीत डब्याच्या आधी वाचायचं दोन दिवस जमलं, तिसऱ्या दिवशी बाजूचा म्हणाला भाजी थंड व्हायलीय तुझी, आता तो स्वतःच विचारतो आज काय आहे. नाईटच्या आठवड्यात तीन दिवस सुटले, भरून काढले नाहीत, काकांचं ऐकलं.

घरी असलो की रूथ आईला मोठ्यानं वाचून दाखवली. आईला वाचता येत नाही. मी "सरवा" म्हणालो तर आईनं लसूण सोलायचं थांबवलं, म्हणली हे पण आहे का त्याच्यात? मग तिनंच सांगितलं, लहान असताना भुईमूग काढून झाला की ती अन् मावशी मालकाच्या शेतात शेंगा वेचायला जायच्या, ओटा भरेपर्यंत, आणि काही मालक हाकलून द्यायचे, म्हणून दुपारी तो जेवायला गेला की घुसायच्या. रूथ वेचते त्या शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो ना की पेंढ्यांतून थोडं मुद्दाम टाका अन् तिला बोलू नका, ते वाचलं तर आई म्हणली, "मुद्दाम टाकलेलं वेचणारीला कळतंच की रे. शेंगा अशा एका ओळीत पडत नसतात." मी हे आधी दोनदा वाचलं होतं आणि मला वाटायचं रूथला काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी रूथनं झोडपून काढलं तर एफाभर सातू निघाला. एफा म्हणजे किती ते शोधलं, साधारण 22 लिटर, तेलाचा पंधरा लिटरचा डबा आणि वर जवळपास अर्धा. आईला सांगितलं तर ती म्हणली एका दिवसात एवढं? नक्कीच टाकलं असणार त्यानं.

लेवीय 19 पण वाचलं, मजुरीचं वचन. आमच्या आधीच्या ठेकेदारानं दोन महिन्यांचा पगार ठेवून घेतला होता, त्या आठवणीनं पुढचं वाचवलंच नाही त्या दिवशी. वहीत ओळ लिहिली, तीच दोनदा.

आता प्रॉब्लेम असा की रूथ शेवटी पुढं राजा झालेल्या दाविदाच्या नावावर संपते, ओबेद, इशाय, दावीद, आणि आई म्हणते पुढं त्या दाविदाचं काय झालं ते वाच. मी मार्क काढून ठेवला होता. पहिलं शमुवेल उघडून बघितलं तर दावीद डायरेक्ट सोळाव्या अध्यायात येतो, तोवर पंधरा अध्याय आईला काय सांगू? सरळ सोळावर उडी मारली तर चालेल का, का आधी ती शमुवेलाची आई हन्ना वाचावी?