एकच पोस्टग्रेस सर्व्हर, तीन क्लायंट, कनेक्शन्स वाटायची कशी?

रांगेतली:
एकच पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हर आहे, व्हर्जन १५, ८ कोर, एसएसडी. त्यावर तिघं जण आहेत. वेब ॲप (पायथन, डेटाबेसशी बोलायला एसक्यूएलअल्केमी लायब्ररी, ६ मशिन्स), बॅकग्राउंड जॉब्ज चालवणारी जावा सर्व्हिस (२ मशिन्स) आणि रिपोर्टवाल्यांचं टूल. गेले दोन आठवडे रोज सकाळी रिपोर्ट सुरू झाले की वेबला "सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी" येतं आणि लोकांचं लॉगिनच अडकतं. मॅक्स कनेक्शन्स (एका वेळी जास्तीत जास्त किती जोडण्या) १०० होतं ते ५०० करून रीस्टार्ट केला, एरर गेली पण सगळंच इतकं हळू झालं की पेज उघडेना, म्हणून परत १०० वर आणलं.

माझा हिशेब असा: वेबचा पूल साइझ (उघडी ठेवून परत परत वापरायची कनेक्शन्स) ५, सहा मशिन्सचे ३०. जावाचे १० आणि १० मिळून २०. रिपोर्टला २० धरले तरी ७०. मग बाकीचे कोण खातंय? काल तर हे चालू असताना मलाच पोस्टग्रेस या सुपरयुजरने (सगळे अधिकार असलेला युजर) आत जाता येईना, शेवटी वेब ॲप बंद केलं तेव्हा लॉगिन झालं. प्रत्येक क्लायंटला ठरावीक कोटा बांधून देता येतो का? कुठून सुरुवात करू?

जुना_डीबीए:
तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ना की मलाच आत जाता येईना, तिथूनच सुरुवात करा. पोस्टग्रेस डिफॉल्टने ३ जागा सुपरयुजरसाठी राखून ठेवतो, म्हणजे साध्या युजर्सना १०० पैकी ९७ च मिळतात आणि त्या संपल्या की त्यांना वेगळा मेसेज येतो, की उरलेल्या जागा राखीव आहेत. तुमच्या ॲपला "सॉरी"वाला मेसेज येतोय आणि राखीव जागासुद्धा भरल्यात, याचा अर्थ बहुतेक तुमचं ॲपच सुपरयुजर म्हणून लॉगिन करतंय. रोल्सची (म्हणजे डेटाबेसमधल्या युजर्सची) यादी बघा आणि हे आधी बंद करा. सुपरयुजरला रोलवरची कनेक्शन लिमिट लागत नाही, त्यामुळे हे चालू असताना बाकी कितीही कोटे बांधले तरी उपयोग नाही.

आता हिशेब. एसक्यूएलअल्केमीत पूल साइझ ५ असला तरी मॅक्स ओव्हरफ्लो (पूल भरल्यावर वरून उघडायची कनेक्शन्स) डिफॉल्टने १० असतो, म्हणजे एका पूलमधून १५ उघडू शकतात. आणि पूल मशिनचा नसतो, प्रोसेसचा असतो. एका मशिनवर किती वर्कर प्रोसेस आहेत? चार धरले तर ६ गुणिले ४ म्हणजे २४ प्रोसेस, गुणिले १५, झाले ३६०. एरवी ते दिसत नाहीत कारण क्वेरी पटकन संपते आणि ओव्हरफ्लोची गरजच पडत नाही. सकाळी रिपोर्ट डिस्क आणि सीपीयू अडवतात, वेबची प्रत्येक क्वेरी लांबते, कनेक्शन परत यायला उशीर होतो, मग प्रत्येक प्रोसेस ओव्हरफ्लोला हात घालते. म्हणजे जागा भरतं वेब, पण ढकलतात रिपोर्ट. ५०० केल्यावर हळू का झालं तेही यातच आहे, पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते आणि ८ कोरवर दोनशे-तीनशे क्वेऱ्या एकदम धावायला लागल्या की कुणाचंच काम वेळेत संपत नाही.

कोटा बांधता येतो, रोलवर कनेक्शन लिमिट लावायची. तीन रोल करा, वेब, जॉब्ज, रिपोर्ट, आणि प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. मी असं वाटेन: वेब ६०, जॉब्ज २०, रिपोर्ट १०. ९७ मधून ९० गेले, उरलेले ७ मॉनिटरिंग, मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणं) आणि तुमच्या हाताने चालवायच्या क्वेऱ्यांना. वेबला पूल २ आणि ओव्हरफ्लो ० करा, २४ प्रोसेसचे ४८ होतात. वरचे १२ मुद्दाम मोकळे ठेवलेत, कारण डिप्लॉयच्या वेळी जुनी आणि नवी मशिन्स थोडा वेळ एकत्र जिवंत असतात आणि हे लोक हमखास विसरतात. रोलची लिमिट बदलायला रीस्टार्ट लागत नाही. पण ती फक्त नवीन लॉगिनच्या वेळी तपासली जाते, आधीपासून आत असलेल्यांना बाहेर काढत नाही.

लॉगवाचक:
वरच्याशी सहमत. फक्त वाटण्याआधी एकदा मोजा. पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमधून (कोण जोडलेलं आहे ते दाखवणारा व्ह्यू) युजर, ॲप्लिकेशन नेम आणि स्टेट यावर ग्रुप बाय करून काउंट घ्या, सकाळच्या गोंधळातच घ्या. सगळे एकाच युजरने येत असतील तर निदान कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ॲप्लिकेशन नेम तरी घाला, नाहीतर कोण कोणाचं ते कळणारच नाही. "आयडल इन ट्रान्झॅक्शन" (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतीच बसलेली कनेक्शन्स) किती आहेत आणि सगळ्यात जुनं कधीचं आहे ते मला जाणून घ्यायचंय.

दुसऱ्या_गावचा:
मी मायएसक्यूएलवाला, तिकडेही अशीच गत होते म्हणून थोडक्यात. डिफॉल्ट १५१, वर एक जागा ॲडमिनसाठी, आणि प्रत्येक युजरला मॅक्स युजर कनेक्शन्स लावता येतं. वेट टाइमआउट मात्र २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास, त्यामुळे कुणी कनेक्शन उघडं टाकून गेलं तर दिवसभर जागा अडते. आम्ही आधी ते कमी केलं, कोटा नंतर.

रांगेतली:
जुना_डीबीए, अगदी तसंच निघालं. ॲपचा युजर सुपरयुजर होता, सुरुवातीला कुणीतरी परमिशनची कटकट नको म्हणून दिलेला आणि तसाच राहिलेला. वर्कर प्रोसेसही चारच आहेत.

लॉगवाचक, आज सकाळी मोजलं. रिपोर्ट टूलची २२ कनेक्शन्स "आयडल इन ट्रान्झॅक्शन", सगळ्यात जुनं ४० मिनिटांचं. टूल रिझल्ट पानापानाने दाखवतं आणि माणूस पुढचं पान दाबेपर्यंत कर्सर (रिझल्ट कुठवर वाचला त्याची खूण) उघडा ठेवतं. कुणी चहाला गेलं तर तेवढा वेळ जागा अडकलेली. मग सगळ्यांनाच आयडल इन ट्रान्झॅक्शन टाइमआउट लावू का?

लॉगवाचक:
सगळ्यांना नको, रोलवर लावा. रिपोर्ट रोलला ५ मिनिटं, वेबला ३० सेकंदसुद्धा पुष्कळ. उघडा कर्सर नुसती जागाच अडवत नाही, त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाचं चित्र) धरलेला असतो म्हणून व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसची साफसफाई) मेलेल्या रो साफ करता येत नाहीत आणि टेबलं फुगत जातात. रिपोर्टवाल्यांना मात्र आधी सांगा, नाहीतर पुढचं पान दाबल्यावर अचानक एरर बघून ते घाबरतील.

पूलवाली:
मी याच्यापुढची पायरी सांगते, कारण कोटा बांधला की पुढची तक्रार ठरलेली आहे, अकराव्या रिपोर्टला सरळ नकार मिळतो. त्यासाठी ॲप आणि पोस्टग्रेसच्या मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन्स वाटून देणारा मध्यस्थ) टाका, तो नकार देत नाही, बाहेर थांबवतो. त्याचा पूल युजर आणि डेटाबेस या जोडीमागे वेगळा असतो, डिफॉल्ट साइझ २०, म्हणजे तुमचे तीन रोल झालेत तेच इथे तीन पूल होतात. ८ कोरला वेबला १६, जॉब्जना ८, रिपोर्टला ४ इथून सुरू करा, त्यातून किती निघतं ते बघून वाढवा. मॅक्स क्लायंट कनेक्शन मात्र नक्की वाढवा, ते डिफॉल्टने १०० च असतं आणि मग एरर फक्त जागा बदलते.

ट्रान्झॅक्शन मोड (कनेक्शन फक्त एका ट्रान्झॅक्शनपुरतं द्यायचं) घ्याल तेव्हा कोडमध्ये तीन गोष्टी शोधा: सेशनभर टिकायला हवं असं सेट, लिसन (डेटाबेसची नोटिफिकेशन्स ऐकणं), आणि सेशन लेव्हलचे ॲडव्हायझरी लॉक (ॲपने स्वतः मागून घेतलेली कुलपं). यातलं काहीही असेल तर ते चुकीच्या कनेक्शनवर जाऊन पडतं आणि एरर न येता काम बिघडतं, माझे यात चार दिवस गेलेत. मायग्रेशन टूल थेट पोस्टग्रेसलाच जोडा, बऱ्याच टूल्सना ॲडव्हायझरी लॉक लागतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट्सची (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेऱ्या) सोय पीजीबाउन्सर १.२१ पासून आहे, पण त्याची सेटिंग तपासून घ्या.

रांगेतली:
आधी रोल आणि लिमिट करते, पुढच्या आठवड्यात पीजीबाउन्सर. पण रिपोर्टला ४ च दिले आणि एकेक रिपोर्ट तीन-तीन मिनिटं चालला तर बाहेर थांबलेल्यांचं काय होतं? ते कायमचे लटकतात का?

पूलवाली:
नाही, क्वेरी वेट टाइमआउट डिफॉल्टने १२० सेकंद असतो, तेवढ्यात जागा मिळाली नाही की तो त्यांना तोडतो. तुमचा रिपोर्ट तीन मिनिटांचा, म्हणजे पाचवा माणूस बऱ्याचदा तुटणार. हा टाइमआउट बदलला तर वेबवालेही तेवढाच वेळ थांबतील आणि वेबला तर उलट १०-१५ सेकंदांत एरर मिळालेली बरी. म्हणून मी रिपोर्टसाठी वेगळ्या पोर्टवर दुसरा पीजीबाउन्सर चालवते, टाइमआउट ६००. पहिले काही दिवस शो पूल्समध्ये (पीजीबाउन्सरची कमांड) थांबलेले क्लायंट आणि मॅक्सवेट (सगळ्यात जास्त थांबलेल्याचा वेळ) रोज सकाळी बघा, वेबच्या ओळीत मॅक्सवेट २-३ सेकंदांच्या वर टिकून राहिला तर वेबचा पूल १६ चा २० करा, रिपोर्टच्या ४ ला हात लावू नका.