खाडीकाठच्या घरातला डेस्कटॉप: मदरबोर्ड मेडिकलमधल्या स्पिरिटने पुसावा का?

ओहोटी_ऐरोली

घर ऐरोलीत, खिडक्या खाडीकडे. डेस्कटॉप जून ते सप्टेंबर बंद होता, पण प्लग भिंतीतच होता. प्रोसेसर इंटेल सहाव्या पिढीचा आय फाइव्ह, ८ जीबी डीडीआर फोर रॅम, साधी हार्डडिस्क. आता बटण दाबलं की पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो, बीपही येत नाही. झाकण काढल्यावर दिसलं ते असं: रॅमच्या सोनेरी दातांजवळ हिरवे ठिपके, मागच्या पोर्टांभोवती काळपट डाग, केसच्या पत्र्यावर पांढरी पूड.

मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट घरात आहे. त्याने पुसलं तर चालेल का? सॅनिटायझर? रॅमला खोडरबर लावावं का? आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तर या मशीनवर मेहनत घेण्यात अर्थ आहे का, हेही सांगा. काम फार नाही, मराठीत विज्ञानकथा लिहायच्या आहेत आणि वीसेक वर्षांपूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या कथा वाचवायच्या आहेत.

शिसं_आणि_राळ

सॅनिटायझर अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात अल्कोहोलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरीन असतं. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन बोर्डावर राहतं आणि हवेतलं पाणी ओढत बसतं. तुमचा त्रास मुळात ओलाव्याचा, त्यात ही भर कशाला?

सर्जिकल स्पिरिटचंही तेच. बाटलीत काय काय मिसळलंय आणि पाणी किती, याचा भरवसा नाही; वाळल्यावर थर राहू शकतो. रंगाच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट तर पिण्यालायक राहू नये म्हणून मुद्दाम बिघडवलेलं असतं. बोर्डासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, ज्याला दुकानात आयपीए म्हणतात. ७० टक्केवालं चुकून घेऊ नका, त्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं.

पण खरी गोम पुढे आहे आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. आयपीए तेल, राळ, बोटांचा चिकटपणा काढतं. मीठ काढत नाही. मीठ त्यात जवळपास विरघळतच नाही. खाडीकडच्या वाऱ्याने बोर्डावर जो थर बसतो त्यात धुळीबरोबर मीठ असतं. नुसत्या आयपीएने घासलं तर ते मीठ एका पिनवरून दुसऱ्या पिनवर सरकतं, बोर्ड चकचकीत दिसतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बसतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी घेऊन ओलं होतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ही पातळी रोजचीच.

म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर, मग आयपीए. पाणी मीठ उचलतं, आयपीए ते पाणी घेऊन जातं. डिस्टिल्ड वॉटर गाडीच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं. या कामाला पाणी २०० मिली आणि आयपीए २०० मिली पुरतं.

रंगांवरूनही अंदाज घ्या. हिरवं म्हणजे तांबं खाल्लं जातंय, बहुधा मिठामुळे. काळं असेल तर ओहोटीला खाजणाच्या चिखलातून येणारा तो कुजक्या अंड्यासारखा वास आठवा. तो हायड्रोजन सल्फाइड, तांबं आणि चांदी काळी पाडणारा. पत्र्यावरची पांढरी पूड बहुधा जस्ताच्या मुलाम्याची आहे, ती ओल्या फडक्याने पुसा; मात्र झाडताना बोर्डावर पडू देऊ नका.

मल्टिमीटर_ठाणे

धुण्याआधी तपासा. कुठलीही दुरुस्ती निदानाशिवाय सुरू करू नये.

"बीप येत नाही" याचा अर्थ लावण्याआधी बोर्डाला स्पीकर आहे का ते बघा. बऱ्याच केसमध्ये तो नसतोच. बोर्डाच्या कडेला चार पिनांच्या जागी तो छोटा काळा भोंगा लावायचा. मग रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढून चालू करा. बीप आली तर प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत, दोष रॅममध्ये किंवा तिच्या स्लॉटमध्ये. काहीच आवाज नाही तर पुढे एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बघा.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मशीन चालू असताना मोजा. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. काळी तार म्हणजे ग्राउंड. यापेक्षा कमी दाखवत असेल तर एसएमपीएस बदला, उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतो.

तिसरी गोष्ट सेल, सीआर २०३२. नवा ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. २.७ च्या खाली गेला असेल तर बदला. सेल मेला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित म्हणायला लागतो. लोक मग इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात.

प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर धुण्याने काहीही होणार नाही. ते बदलावे लागतील.

शिसं_आणि_राळ

बरोबर. ही तपासणी झाली की धुणं असं करा.

प्लग काढून चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सेल, रॅम, कार्डं, कूलर काढा. तुमच्या इंटेलच्या पिढीत पिना प्रोसेसरला नसून बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक. एक वाकली तरी बोर्ड गेला समजा. म्हणून प्रोसेसर काढू नका, सॉकेटच्या आसपास पाणी नेऊ नका. एएमडी कंपनीचा एएम फोर सॉकेटवाला प्रोसेसर असेल तर उलट काळजी घ्यायची, कारण त्यात पिना प्रोसेसरलाच असतात: कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवून पेस्ट सोडवायची.

धूळ कोरडी असतानाच ब्लोअरने उडवा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं. मग बोर्ड तिरका धरा, डागांची बाजू खाली, म्हणजे ओघळ सॉकेटकडे जाणार नाही. रंगकामाचा मऊ ब्रश डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून फक्त डागांच्या जागी हलक्या हाताने फिरवा, चष्म्याच्या फडक्याने टिपून घ्या, पुन्हा एकदा तेच. पाणी वाळायच्या आत आयपीए, तेही दोनदा. पाणी आधी वाळलं तर मीठ जिथल्या तिथे परत बसतं. स्लॉटच्या आत ब्रश खुपसू नका, ड्रॉपरने आयपीए सोडा आणि बोर्ड उलटा करून गळू द्या.

आयपीएचा फ्लॅश पॉइंट साधारण १२ अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्या घरात तो कायम पेट घेण्याच्या अवस्थेत असतो. देवघरातली समई, गॅस, उदबत्ती, सगळं विझलेलं हवं आणि खिडकी उघडी. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या झाकणावर आणि मॉनिटरच्या पडद्यावर तो लावू नका. अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात, पडद्यावरचा लेप निघतो.

वाळवायला पंख्याखाली २४ तास. पावसाळी हवा असेल तर एसी ड्राय मोडवर असलेल्या खोलीत ४८ तास. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याने फक्त पीठ आत जातं.

जुना_बेंच

खोडरबराबद्दल कुणीच बोललं नाही. दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास वापरतात आणि रॅम चालूही होते, म्हणून ते योग्य ठरत नाही. दातांवरचा सोन्याचा थर केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट पातळ असतो. सोनं स्वतः गंजत नाही. त्याच्या बारीक छिद्रांतून आणि कडांवरून खालचं निकेल, तांबं गंजतं. रबर घासलं की सोनं आणखी विरळ होतं आणि पुढच्या वेळी हिरवं लवकर येतं. आधी वरच्याच पद्धतीने पाणी आणि आयपीए. डाग हटलाच नाही तर शाळेतलं मऊ पांढरं रबर, एकाच दिशेने, दोन-तीनदा, आणि भुगा स्लॉटपासून लांब झाडायचा. शाई खोडायचं खरबरीत रबर कधीच नाही. हिरवं दातावरून वर लेपाखाली शिरलं असेल तर ती पट्टी सोडून द्या.

गंजावर फवारायचे तेलकट स्प्रे बोर्डावर नकोत. बिजागरीला ठीक, इथे धूळ धरून ठेवतात. कूलर परत बसवताना जुनी पेस्ट आयपीएने पूर्ण पुसून नवी वाटाण्याएवढीच लावा.

सामान एकाच फेरीत हवं असेल तर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड. ऐरोलीहून ठाणे, तिथून दादरला बदलून ग्रँट रोड. आयपीए, पेस्ट, स्पीकर, सेल, ब्रश सगळं तिथे मिळतं.

ओहोटी_ऐरोली

मनापासून आभार. स्पीकर लावला. रॅम काढून चालू केलं तर लांब बीप येते, व्होल्टेज सगळे मर्यादेत आहेत. म्हणजे बोर्ड जिवंत. डिस्टिल्डऐवजी घरच्या आरओचं पाणी चालेल का?

शिसं_आणि_राळ

नाही. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात, काही यंत्रं तर चवीसाठी मुद्दाम परत मिसळतात. बॅटरीचंच आणा. तुमची बीप रॅमकडे किंवा स्लॉटकडे बोट दाखवतेय, त्यामुळे अख्खा बोर्ड धुऊ नका. पट्टी, स्लॉट आणि मागचे पोर्ट एवढंच करा. नंतर एक पट्टी एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात, असं आलटून पालटून बघा.

मुक्तस्रोत_ठाणेकर

मेहनत घेण्यात अर्थ आहे का, याला माझं उत्तर ठाम "हो".

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. तुमचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर लिहिण्याच्या कामाला अजून कित्येक वर्षं पुरेल, तो फक्त यादीत नाही. हा तांत्रिक प्रश्न नाही, राजकीय आहे: चालू यंत्र कधी निकामी म्हणायचं हे कोण ठरवतं? केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात इलेक्ट्रॉनिक्सही आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांचा मुख्य भर वस्तू मोडल्यानंतरच्या पुनर्चक्रणावर. बोर्डाचे आराखडे आणि सुटे भाग मिळण्याचं बंधन हवं. ही मागणी प्रत्येक पक्षाच्या उमेदवारापुढे ठेवण्यासारखी आहे, कारण खाडीकाठी राहणाऱ्यांचं यंत्र इतरांच्या आधी बिघडतं.

आता कृती. मशीन सुरू झालं की आधी हार्डडिस्कवरच्या कथा दुसरीकडे उतरवा, मगच बाकी सगळं. अडीच इंची साटा एसएसडी २५६ जीबीची घ्या. वेगात खरा फरक तिने पडतो, प्रोसेसरने नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका; तिला ४ जीबी रॅम पुरेशी, तुमच्याकडे दुप्पट आहे. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) लिहा, त्याआधी त्याची एसएचए २५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा संकेत, जुळवून बघा, अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉल मध्येच अडतं. आयबस आणि एम१७एन ही पॅकेजं टाकली की मराठी इनस्क्रिप्ट (प्रमाण कळफलक) आणि उच्चारानुसारी दोन्ही मिळतात.

लिबर ऑफिसमध्ये भाषा मराठी निवडा, हिंदी नको. कित्येक फॉन्टांत ल आणि श ची मराठी वळणं भाषेच्या खुणेवरूनच येतात; खूण हिंदीची असली तर अक्षरं हिंदी वळणाची दिसतात आणि लोक फॉन्टला दोष देतात.

जाता जाता एक. विज्ञानकथांत यंत्रं बंड करतात, आज्ञा मोडतात. आपल्या किनाऱ्यावर ती मिठाने मरतात. पन्नास वर्षं खाऱ्या हवेत चालू ठेवावं लागणारं यंत्र आणि ते धुणारी माणसं, यावर मराठीत कथा यायला हवी. तुम्हीच लिहा.

काना_मात्रा

जुन्या फाइलींबद्दल, कारण तिथे लोक घाईने वाट लावतात.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव वगैरेंच्या फाइलींत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर कचरा दिसतो. मूळ फाइल आणि मूळ फॉन्ट, दोन्हींची प्रत आधी जपून ठेवा. कागदावरची छापील प्रत असेल तर ताडून बघायला तीच उत्तम. फाइलमधल्या फॉन्टचं नेमकं नाव बघा आणि त्याच फॉन्टचा परिवर्तक वापरा. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते.

चुका ठरलेल्या जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण पद्धतीत, ती नंतर येते. रफार याच्या उलट: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे "वार्षिक" सारखी वेलांटी आणि रफार एकत्र असलेली जागा आली की परिवर्तक गडबडतो. "मार्मिक", "आर्थिक", "निर्मिती" असे शब्द शोधून तेवढे हाताने तपासा. क्ष, ज्ञ, श्र आणि अवतरणचिन्हंही बघा.

ओहोटी_ऐरोली

"दऱ्या" आणि "दर्या" यांचं काय? आतापर्यंत बदललेल्या एका कथेत दोन्ही सारखेच झालेत.

काना_मात्रा

ते हातानेच वेगळे करावे लागतील, कारण परिवर्तकाने दोन्हींना साधा र दिलाय. डोंगरातल्या दऱ्यांना नुक्त्याचा ऱ हवा. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ: ऱ्य तयार. काही जण साधा र, पाय मोडून, अदृश्य जोडचिन्ह टाकतात. दिसायला तेच दिसतं, पण एकाच कथेत दोन्ही पद्धती मिसळल्या की शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत. एकच पद्धत धरा आणि शोधा-बदला वापरून बाकीचे तिच्यावर आणा. "तऱ्हा", "वाऱ्यावर", "पायऱ्या", "सुऱ्या" हेही त्याच फेरीत उरका.

मल्टिमीटर_ठाणे

एक राहिलं. मशीन चालू झाल्यावर पुन्हा प्लग भिंतीत ठेवून चार महिने सोडू नका. बंद मशीनमध्येही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्ट देत असतो. ओला खारट थर आणि त्यावर व्होल्टेज असलं की धातू एका पिनवरून विरघळून दुसऱ्या पिनकडे काड्यांसारखा वाढतो, आणि शेवटी दोन्ही जोडल्या जातात. पावसाळ्यात एक दिवसाआड तासभर चालवा, आतली ऊब बोर्ड कोरडा ठेवते. ते जमणार नसेल तर भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा. केस खिडकीपासून आणि जमिनीपासून लांब ठेवा, पाठ भिंतीला चिकटवू नका.