रिले पॅनेलच्या जागी पीएलसी बसवावा की सीएनसी?

शिरोलीकर:
आमच्या शिरोली एमआयडीसीतील कारखान्यात कास्टिंगला चार भोके एकदम पाडणारे हायड्रॉलिक एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेले खास यंत्र) आहे. त्याचे रिले पॅनेल (विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या जोडणीतून यंत्राचा क्रम चालवणारी पेटी) जुने झाले असून एखादा कॉन्टॅक्ट जळाला की दोष शोधण्यातच अर्धी शिफ्ट जाते. एका विक्रेत्याने पूर्ण सीएनसी (अक्षांची हालचाल प्रोग्रॅमने चालवणारा संगणकीय नियंत्रक) सुचवले आहे, तर आमच्या इलेक्ट्रिशियनच्या मते छोटा पीएलसी (स्विच वाचून ठरलेल्या क्रमाने मोटर व व्हॉल्व्ह चालवणारा प्रोग्रॅमेबल नियंत्रक) पुरेल. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

पॅनेलवाला:
इलेक्ट्रिशियनचे म्हणणे मला पटते. दोन अक्ष एकाच वेळी हलवून टेपर किंवा गोलाई कापायची असेल, तिथे सीएनसीला पर्याय नाही. आपल्याकडे मात्र जॉब क्लॅम्प होणे, प्रेशर स्विचने दाब आल्याचे कळवणे, स्पिंडल फिरू लागणे आणि मगच स्लाइड पुढे जाऊन लिमिट स्विचवरून (स्लाइड टोकाला आल्यावर दबणाऱ्या स्विचवरून) परतणे, एवढाच क्रम आहे व तो सांभाळणे हे पीएलसीचेच काम आहे. रिले पॅनेलच्या याच कटकटीतून सुटण्यासाठी जनरल मोटर्सने 1968 मध्ये नव्या नियंत्रकाची मागणी केली होती आणि त्यातूनच मॉडिकॉन 084 हा पीएलसी पुढे आला. शिवाय सीएनसी घेतले तरी त्याच्या आत पीएलसी असतोच. सीएनसी बनवणारी फॅनुक कंपनी त्याला पीएमसी म्हणते. प्रोग्रॅममध्ये एम08 हा आदेश आला की कूलंट (थंड करणारे द्रव) पंप तोच चालू करतो, आणि काम झाल्याचा संकेत त्याच्याकडून मिळेपर्यंत प्रोग्रॅम पुढे सरकत नाही.

शिरोलीकर:
आभारी आहे. पुढे भोकाची खोली जॉबप्रमाणे बदलावी लागली तर?

पॅनेलवाला:
स्लाइडला बॉलस्क्रू (फिरवून स्लाइड अचूक सरकवणारा स्क्रू) आणि सर्व्हो (नेमक्या स्थितीवर थांबणारी मोटर) बसवावा लागेल, पण एकाच अक्षासाठी पल्स आउटपुट (सर्व्होला किती फिरायचे ते सांगणारे संकेत) असलेला पीएलसी पुरतो. तो आत्ताच घेऊन ठेवावा.

मेंटेनन्स विभाग:
इमर्जन्सी स्टॉप केवळ पीएलसीच्या इनपुटवर सोपवू नये; सेफ्टी रिलेमार्फत कॉन्टॅक्टरचा (मोटरची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचचा) पुरवठा थेट तुटला पाहिजे. तसे करताना क्लॅम्पसाठी डिटेंट असलेला डबल सोलेनॉइड व्हॉल्व्ह (वीज गेली तरी आहे त्याच स्थितीत राहणारा) वापरावा, कारण वीज तुटल्यावरही स्पिंडल काही क्षण फिरत राहते आणि तेवढ्यात क्लॅम्प सुटला तर जॉब उडेल. लिमिट स्विचमध्ये कूलंट व बिडाचा चुरा शिरतो, म्हणून त्यांच्या जागी इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर (स्पर्शाविना धातू ओळखणारे) घ्यावेत. आणि शेवटचे पैसे देण्यापूर्वी लॅडर प्रोग्रॅमची (पीएलसीत भरलेल्या प्रोग्रॅमची) टिपांसह, पासवर्डविना प्रत अवश्य मागून घ्यावी. विक्रेते ती देण्यास हमखास टाळाटाळ करतात.