सौम्य रक्तदाब: गोळीआधी तीन महिन्यांची मुदत मागावी का?

धागाकर्ता: वयाच्या ४७व्या वर्षी दवाखान्यात माझा रक्तदाब दोनदा १४४/९२च्या आसपास भरला. मधुमेह नाही, मूत्रपिंडे ठीक. म्हणून मी डॉक्टरांकडे तीन महिने मागून घेतले. ताटातले मीठ, लोणचे आणि पापड बंद केले (पापडात मिठाखेरीज पापडखाराचेही सोडियम असते, हे तोवर ठाऊक नव्हते), रोज पाऊण तास भरभर चाललो आणि वजन चार किलोंनी उतरले. आज घरच्या यंत्रावर आठवड्याची सरासरी १२८/८२ आहे. दुसरा धोका नसेल, तर ही संधी प्रत्येकाला मिळायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १: पूर्णपणे असहमत. माझ्या वडिलांनीही तीनच महिने मागितले होते. ‘गोळी एकदा लागली की सुटत नाही’ या भीतीपोटी त्यांची चार वर्षे झाली, काही दुखत नसल्याने कोणी मोजलेही नाही, आणि एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाची बशी निसटली, तेव्हा अर्धांगाचा झटका आल्याचे आम्हाला कळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १४०/९० किंवा अधिक रक्तदाबाचे निदान पक्के झाल्यावर शक्यतो चार आठवड्यांच्या आत औषध सुरू व्हावे. तुमचे तीन महिने त्यात कुठे बसतात?

धागाकर्ता: तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटले. तीन महिने त्यात बसत नाहीत, हे मान्य. घरी मोजताना १३५/८५ ही मर्यादा धरतात आणि सुरुवातीला माझी सरासरी तिच्याही वर, १३७/८७ होती. तरीही घात झाला तो मोजणे थांबल्यामुळे, असे मला वाटते. मी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, दोन-दोन नोंदी वहीत लिहीत होतो आणि मुदतीची तारीख डॉक्टरांनीच त्या वहीवर घातली होती.

प्रतिसाद २: अशी वही किती जण ठेवतील? मला अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने पावलांवर सूज आली, तेव्हा गोळी सोडून न देता डॉक्टरांकडून ती बदलून घेतली. गोळी चालू असतानाही स्वयंपाकातले मीठ निम्म्यावर आणता आले आणि त्याचा लाभ एकाच पातेल्यातली आमटी जेवणाऱ्या घरातल्या सगळ्यांना झाला. मग गोळी की पथ्य, अशी निवड रुग्णापुढे ठेवायचीच कशाला?