पहिल्यांदाच देणगी दिलेल्या माणसाकडे पाच लाख मागावेत का?

ओंजळ

आमच्या विश्वस्त मंडळात सध्या ज्यावरून मतभेद आहेत तो विषय या चर्चामंचावर मांडते. इथे संस्था चालवणारे आहेत आणि देणारेही आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकायला मिळतील.

आम्ही बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवतो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर राहतात. मुलं सोबत गेली की त्यांची शाळा बुडते, ती इथे राहिली तर चालू राहते. मुलग्यांची सोय आहे, मुलींसाठी वेगळा मजला बांधायचा आहे. गेल्या गणेशोत्सवात एका वृत्तपत्रात आमच्या कामावर लेख आला आणि कधी नाव न ऐकलेल्या माणसांचे चेक यायला लागले. त्यात एका निवृत्त अभियंत्याचा ५१ हजारांचा चेक होता आणि सोबत दोन पानी पत्र. जागा नाही म्हणून मुलींना परत पाठवावं लागतं का? एका मुलीचा हंगामाचा खर्च किती येतो? बांधकामाचा आराखडा तयार आहे का?

माझं म्हणणं असं की त्यांना लगेच भेटावं, काम दाखवावं आणि मजल्यासाठी पाच लाख स्पष्ट शब्दांत मागावेत. मंडळातले ज्येष्ठ म्हणतात, "माणूस नवा आहे. दोन-तीन वर्षं देऊ दे, मग बघू."

मला हे पटत नाही. त्या दोन-तीन वर्षांत आपण करणार काय? पावती पाठवणार, दिवाळीचं शुभेच्छापत्र पाठवणार, मार्चमध्ये करसवलतीची आठवण करणार. एवढ्याने ओळख वाढत नाही. अमेरिकेतला फंडरेझिंग इफेक्टिव्हनेस प्रोजेक्ट दरवर्षी देणग्यांचे आकडे काढतो. तिथे पहिल्यांदा देणाऱ्यांपैकी पुढच्या वर्षी पुन्हा देणारे साधारण पाचात एक असतात. आपल्याकडे अशी मोजणी कोणी नीट करत नाही, पण आपापली देणगी-वही उघडून बघा, चित्र फार वेगळं दिसणार नाही. म्हणजे ज्याची वाट बघायची तो बहुधा दुसऱ्या वर्षी समोर नसतोच. शिवाय पहिल्या चेकच्या रकमेवरून माणसाची ऐपत कळत नाही. अनोळखी संस्थेला माणूस आधी बेतानेच देतो. तो आपली परीक्षा घेत असतो, आणि त्यात काही गैर नाही.

सह्यकडा

ताई, मी तुमच्या मंडळातल्या ज्येष्ठांच्या बाजूचा. आयुष्य संस्थांच्या कामात गेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठी देणगी ही विश्वासाची शेवटची पायरी असते. महर्षी कर्व्यांना सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली १५ लाख रुपये दिले, कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली १८९६ साली. मधली २४ वर्षं ते रुपया-दोन रुपयांसाठी दारोदार फिरले. ती वर्षं वगळून १५ लाखांची गोष्ट सांगता येत नाही.

दुसरं, महाराष्ट्रातल्या कामांचा पाया लहान देणगीवर आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला तो माणशी एक पैसा मागून, आणि त्यातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत घराघरातून मूठभर धान्य येत असे. मूठ देणारी बाई त्या वसतिगृहाला आपलं मानायची. तुमचा पाच लाखांचा माणूस नाराज झाला तर मजला अर्धवट राहतो. दहा-दहा हजार देणारे पन्नास जण असतील तर त्यातले चार गेल्याने काम थांबत नाही.

आणि मोठ्या रकमेबरोबर मोठा शब्दही येतो. पाटी कुठे लावायची, कोणत्या मुली घ्यायच्या, कार्यक्रमाला कोणाला बोलवायचं. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचं नाव बदलण्याच्या अटीवर देऊ केलेली देणगी भाऊराव पाटलांनी धुडकावली, ही आठवण आजही सांगितली जाते. नाही म्हणायची ती ताकद संस्थेत मुरावी लागते. नवख्या देणगीदाराच्या बाबतीत तो काय मागेल हेच आपल्याला ठाऊक नसतं.

ओंजळ

सह्यकडा सर, कर्व्यांचं उदाहरण मला उलट माझ्याच बाजूचं वाटतं. २४ वर्षं काम जमत होतं हे खरं. पण १५ लाख आले ते त्या कामाकडे बघून. देणाऱ्याने आधी किती पावत्या जमवल्यात, हे मोजून ती रक्कम आलेली नाही. आमचं वसतिगृह बरीच वर्षं चालू आहे. ते काम जुनं आहे, माणूस फक्त आमच्या यादीत नवा आहे. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो.

शिक्षिका ठाणे

मी देणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. नोकरी शाळेत झाली, मूलबाळ नाही, निवृत्तीनंतर हातात बऱ्यापैकी पैसे आले. पितृपक्षात पुण्यात 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरतं. तिथे वेगवेगळ्या संस्थांचे कार्यकर्ते स्वतः बसलेले असतात, प्रश्न विचारता येतात. तिथे एका संस्थेला मी २० हजार दिले. आठवड्याच्या आत फोन. बोलणारा मुलगा नम्र होता, पण त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं की सात लाखांत एका खोलीला माझ्या आईवडिलांचं नाव देता येईल. आईवडील आहेत की गेलेत, हे त्याला माहीत नव्हतं. मी काय करते, मला कशात रस आहे, हेही माहीत नव्हतं. चेकवरची रक्कम बघून माझ्यावर किंमत लावली आहे असं मला वाटलं. त्या संस्थेचं काम चांगलं असेल, पण मी पुन्हा दिलं नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या संस्थेच्या बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, "तुम्ही आमच्याकडे का दिलंत?" मी म्हटलं, माझी एक विद्यार्थिनी सातवीत लग्न लावून दिली गेली, ती डोक्यातून जात नाही. त्यांनी बोलावलं, मी दोन दिवस राहून आले, मुलींबरोबर जेवले, मुलींच्या वह्या तपासल्या. निघताना त्यांनी विचारलं, "तीन लाख रुपये आम्हाला हवे आहेत, तुम्ही विचार कराल का?" मी विचार केला आणि दिले. तेव्हा मीही त्यांच्याकडे नवीनच होते, ओळख होऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते.

म्हणून सह्यकडांना म्हणेन की वर्षांची अट घालू नका. आणि ओंजळताईंना म्हणेन की त्या गृहस्थांनी प्रश्न विचारलेत, तर आधी त्यांची उत्तरं द्या. आकड्यांसकट. त्या पत्रात एकही पैसा मागू नका.

खतावणी

सीए आहे, धर्मादाय संस्थांचे हिशेब बघतो. भावनेचं तुम्ही बोललात, मी कागदाचं बोलतो, कारण मोठी देणगी बरेचदा तिथे अडते.

८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीची, सवलत पुढे करून मोठी रक्कम मागू नका. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, आणि आता तीच मूळ धरली जाते, जुनी हवी तर निवडावी लागते. जुन्या प्रणालीतही बहुतेक खासगी संस्थांना दिलेल्या रकमेच्या ५० टक्केच वजावट मिळते, आणि तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. निवृत्त माणसाचं वर्षाचं करपात्र उत्पन्न आठ-नऊ लाख असेल, तर पाच लाखांच्या देणगीवरची बरीचशी सवलत त्याच्या हाती लागणारच नाही. हे आपणच आधी सांगावं. नंतर त्याच्या सीएने सांगितलं तर संस्थेने फसवलं असं त्याला वाटतं. २ हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, हे सगळ्यांना माहीत असूनही दर मार्चमध्ये कोणीतरी रोख घेऊन येतंच.

रक्कम कशासाठी आहे ते देणगीदाराच्या सहीच्या पत्रात हवं: बांधकामाला, कॉर्पसला (म्हणजे कायम ठेवीला) की चालू खर्चाला. कॉर्पस म्हणून लेखी दिलं असेल तर ते पैसे कायद्याने सांगितलेल्या गुंतवणुकीतच ठेवावे लागतात, किराणा भरायला वापरता येत नाहीत. नव्या देणगीदाराला हे ठाऊक नसतं. घाईत "कॉर्पससाठी" असं लिहून घेणाऱ्या संस्था पुढे वर्षभर पगारासाठी धावपळ करतात.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून लिहितोय. गणेशोत्सवातले असे लेख आम्हीही वाचतो आणि आमचेही चेक जातात, म्हणून एक इशारा. माझ्याकडे अमेरिकेचं नागरिकत्व आहे, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे. भारतीय कायद्याने मी परदेशी स्रोत आहे. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर माझ्याकडून तिला शंभर रुपयेसुद्धा घेता येत नाहीत. शेजारचा मित्र अजून भारतीय पासपोर्टवर आहे, तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. दोघांची नावं मराठी, दोघे एकाच गल्लीत राहतो. मोठी रक्कम मागण्याआधी पासपोर्ट कोणता हे विचारा, त्यात संकोच करू नका. एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थांना आमच्यासारख्यांनी १९७८ पासून काम करणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या इथल्या नोंदणीकृत संस्थांतून देण्याचाही मार्ग आहे.

मूळ प्रश्नावर मी ओंजळताईंच्या बाजूने आहे. इथली विद्यापीठं, रुग्णालयं नवीन देणगीदाराला पहिल्या भेटीत काही मागत नाहीत. ती भेट फक्त ऐकण्यासाठी असते. पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आकडा सांगतात, आणि सांगून झालं की गप्प बसतात. आपल्याकडे "तुमच्या मनाला येईल ते द्या" म्हणायची रीत आहे. त्यात आदर आहे, पण समोरचा बुचकळ्यात पडतो. कमी दिलं तर अपमान होईल का, जास्त दिलं तर दिखावा वाटेल का, असं चालतं मनात. मला आकडा सांगितलेला आवडतो. मग हो किंवा नाही, काहीतरी नीट उत्तर देता येतं.

सह्यकडा

शिक्षिकाताईंचं वाचून वर्षांची अट सोडायला मी तयार आहे. बाकी विरोध कायम आहे आणि तो आता दोन मुद्द्यांवर आहे.

एक, मागायला कोण जाणार? पगारी फंडरेझर पाठवू नका. विश्वस्ताने जावं आणि त्या विश्वस्ताने या मजल्यासाठी स्वतः काहीतरी दिलेलं असावं. रक्कम त्याच्या ऐपतीची असेना, पण दिलेली हवी. समोरच्याने "तुम्ही किती दिलेत?" असं विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. ज्या मंडळातल्या कोणी दिलेलं नाही, त्या मंडळाने अनोळखी माणसाकडे लाख मागावेत हे मला अनैतिक वाटतं.

दोन, भिंतच का मागता? नव्या देणगीदाराला मजला आवडतो, दिसतो म्हणून. पण मुलींचं वसतिगृह चालतं ते अधीक्षिकेवर. रात्री ताप आला तर दवाखान्यात नेणारी, फडावरच्या बापाला फोन लावून देणारी, जानेवारीत मुलीचं लग्न ठरवायला आलेल्या नातेवाइकांना दारातच थांबवणारी ती बाई. तिचा पगार मागायला आपण लाजतो. दरमहा १५ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ८० हजार, तीन वर्षांचे ५ लाख ४० हजार. तुमच्या पाच लाखांच्या जवळपास तेवढंच होतं. मजला उभा राहिला आणि अधीक्षिका टिकली नाही, तर पालक मुली ठेवणार नाहीत आणि मजला धान्याचं गोदाम होईल. असे मजले मी मराठवाड्यात पाहिले आहेत.

ओंजळ

पहिला मुद्दा मंडळापुढे ठेवते. काहीजण नाराज होतील, तरी ठेवते.

दुसऱ्यावर मात्र वाद घालते. अधीक्षिकेचा पगार आधी, हे मान्य. पण आज मुलींना झोपायला जागाच नाही. मुलांच्या इमारतीत त्यांना ठेवता येत नाही. अधीक्षिका नेमली तरी ती कुठे राहील? मजल्याचे बाकीचे पैसे आम्ही सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून, आणतो आहोत. तिथली कंपनी सिमेंट-विटांना पैसे देते, पगाराला देत नाही. म्हणून मला वाटतं, या गृहस्थांना दोन्ही दाखवावं आणि त्यांच्या पत्रातल्या प्रश्नांवरून ठरवावं. त्यांनी एका मुलीचा हंगामाचा खर्च विचारला आहे. त्यात जेवण आहे, वही-पेन आहे, औषध आहे, आणि अधीक्षिकेचा वाटाही आहे. तो हिशेब एका पानावर मांडून पाठवते. मग भेटीला जाईन, विश्वस्तांपैकी एकाला घेऊन. पहिल्या भेटीत आकडा नाही. ते वसतिगृहावर येऊन गेले की मात्र मागणार, आणि पुढच्या दिवाळीची वाट बघणार नाही. टोळ्या परत निघायच्या आत मुलींची सोय व्हायला हवी.

शिक्षिका ठाणे

ते वसतिगृहावर येतील तेव्हा त्यांना मुलींशी बोलू द्या. फार तर एक जेवण. स्वागतगीत बसवू नका, मुलींना रांगेत उभं करून नमस्कार करायला लावू नका. ते बघून माझ्यासारखीला फार अवघडायला होतं, आणि मुलींनाही.

खतावणी

पगार मागणार असाल तर चौथ्या वर्षी तो कुठून येणार हेही त्या पानावर लिहा. अभियंता माणूस आहे, पहिला प्रश्न तोच विचारेल.